करारात खाटा आहेत, शिकवणारी सिस्टर नाही

प्रश्न : मी एका खासगी नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. आमचे बीएस्सीचे विद्यार्थी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष सरावाला जातात. त्याच वॉर्डात आणखी दोन कॉलेजांच्या मुली असतात. सकाळी आठ ते एक नुसती गर्दी. मुलींच्या वाट्याला टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी आणि बेडमेकिंग येतं, बाकी काही नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, “तुमच्या मुलींमुळे कामाला उशीर होतो.” मुली म्हणतात, “मॅडम, आम्हाला कुणी हातच लावू देत नाही.” लॉगबुकच्या, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीच्या सह्या शेवटच्या दोन दिवसांत गोळा केल्या जातात. प्राचार्यांकडे विषय काढला, तर त्या म्हणाल्या, “हॉस्पिटलशी संबंध बिघडवू नका. परवानगी गेली तर मान्यतेचा प्रश्न येईल.” माझ्या पदाला अधिकार काही नाही. मी काय करू शकते?
– एक शिक्षिका, मराठवाडा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट फार बरी वाटली. तुम्ही सिस्टरांनाही दोष दिला नाही आणि मुलींनाही नाही. मी आधी वॉर्डात इन्चार्ज होते, मग शिकवायला गेले. तुमच्या पत्रातल्या दोन्ही तक्रारी मी दोन्ही बाजूंनी ऐकल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आधी एक काम करा. कॉलेज आणि हॉस्पिटल यांच्यातला करार मागवून घ्या आणि शांतपणे वाचा. मान्यतेच्या फायलीत तो असतोच. खाटा किती, विभाग कोणते, विद्यार्थी किती, शुल्क किती, सामानाची मोडतोड झाली तर भरपाई कुणी द्यायची, हे सगळं त्यात सापडेल. वॉर्डात या मुलींना शिकवायचं कुणी, त्यासाठी वेळ कुठून काढायचा आणि सिस्टरने शिकवलं तर तिला काय मिळणार, याबद्दल मी पाहिलेल्या करारांत एक ओळही नव्हती. कॉलेज धरून चालतं की सिस्टर शिकवतील. सिस्टर धरून चालतात की कॉलेजच्या मॅडम शिकवतील. मुलगी मधल्या मध्ये भिंतीला टेकून उभी राहते.

नियम नाहीत असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे ८० तास. आठव्या सेमिस्टरची इंटर्नशिप २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे एकूण १,०५६ तास. पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, हे प्रमाणही ठरलेलं आहे. पण तास मोजले जातात ते हजेरीचे. आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्णांचा हिशेब प्रत्येक कॉलेज आपापल्या कागदावर करतं. तीन कॉलेजांनी वॉर्डातले तेच ३६ पेशंट आपापल्या नावावर दाखवले, तर प्रत्येकाच्या १२ मुली नियमात बसतात आणि प्रत्यक्षात ३६ पेशंटांना ३६ मुली होतात. तुमच्या वॉर्डात हेच चाललं असावं.

आता इन्चार्ज सिस्टरच्या जागी उभं राहून सकाळचे आठ पाहा. नाइटचा हँडओव्हर चालू आहे. ड्यूटीवर दोघी असायला हव्यात, त्यातली एक रजेवर. आठ नंबरच्या पेशंटला ओटीला न्यायचंय, त्याची संमती घेतलेली नाही. राउंड कधीही येईल. तेवढ्यात दारातून तीन रंगांचे गणवेश आत येतात. यातली कोण पहिल्या वर्षाची, कोण तिसऱ्या, हे तिला माहीत नाही. कुणाला इंजेक्शन देता येतं, कुणी अजून फक्त डमीवर दिलंय, हेही माहीत नाही. चूक झाली तर स्पष्टीकरण तिला द्यावं लागणार. अशा वेळी कुठलीही जबाबदार सिस्टर तेच करेल जे तुमच्या सिस्टर करतात. ज्यात कुणाचं काही बिघडणार नाही असं काम देईल, म्हणजे बीपी घ्यायला लावेल. ती दुष्टपणा करत नाही. तिच्याकडे माहिती नाही, म्हणून ती पेशंटला सांभाळते.

त्यामुळे तुमचं पहिलं काम ही माहिती तिच्यापर्यंत पोचवणं. आणि हे करायला तुम्हाला कुठलाच अधिकार लागत नाही.

एक कागद तयार करा. एकच, आणि मराठीत. सध्या जे सेमिस्टर वॉर्डात येणार आहे त्यापुरता. तीन रकाने करा. मुलगी स्वतः काय करेल, सिस्टर किंवा मॅडम शेजारी असतानाच काय करेल, आणि फक्त पाहील काय. पहिल्या रकान्यात टीपीआर, बीपी, तोंडाची आणि पाठीची निगा, कूस बदलणं, इनटेक-आउटपुट लिहिणं. दुसऱ्यात इंजेक्शन, सलाईन लावणं-बदलणं, ड्रेसिंग, रायल्स ट्यूबमधून (नाकातल्या नळीतून) फीड. तिसऱ्यात रक्त चढवणं, नार्कोटिक औषधं, असं. हा कागद कॉलेजात बसून पूर्ण करू नका. अर्धा करा आणि इन्चार्ज सिस्टरकडे घेऊन जा. म्हणा, “सिस्टर, तुम्हीच सांगा, यातलं तुमच्या वॉर्डात काय चालेल?” त्या दोन गोष्टी खोडतील, एखादी वाढवतील. त्यांनी खोडलेल्या ओळीवर वाद घालू नका. त्यांच्या हाताने बदललेला कागद त्या भिंतीवर लावतील, आणि संध्याकाळच्या सिस्टरलाही तो दाखवतील.

दुसऱ्या रकान्यातलं प्रत्येक काम मुलीने आधी कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये, म्हणजे डमीवर सराव करायच्या खोलीत, तुमच्यासमोर केलेलं असलं पाहिजे. नव्या अभ्यासक्रमात लॅबचे वेगळे क्रेडिट आहेत आणि प्रात्यक्षिक परीक्षाही ओएससीई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक कौशल्य ठरलेल्या यादीनुसार तपासून होते, त्यामुळे टप्प्याटप्प्याची तपासणी यादी तुमच्याकडे तयारच आहे. तीच वापरा. लॅबमध्ये जमलेल्या मुलींची नावं वॉर्डात कळवा. जिला जमलं नाही तिला तो रकाना अजून बंद. सिस्टरचा विश्वास इथून सुरू होतो, कारण पहिल्यांदाच कॉलेज तिला सांगतंय की ही मुलगी कुठपर्यंत तयार आहे.

यानंतर कामं वाटणं बंद करा, पेशंट वाटा. आज तू सगळ्यांचे बीपी घे, तू सगळ्यांचं टेंपरेचर, अशी वाटणी केली की मुलगी पन्नास दंड पाहते आणि एकही माणूस पाहत नाही. दोन मुलींना मिळून तीन-चार पेशंट द्या. सकाळी हँडओव्हरला त्यांनी त्याच पेशंटांजवळ उभं राहायचं, आणि निघताना त्याच पेशंटांची माहिती सिस्टरला तोंडी द्यायची. जोडीत एक थोडी पुढची, एक नवीन असली तर उत्तम. मात्र एखादा पेशंट नको म्हणाला तर जोडी तिथून निघेल, हेही मुलींना आधीच सांगा.

याने सिस्टरचा वेळ जातो का? सुरुवातीला जातो, खोटं कशाला बोलू. पण शिकवणं म्हणजे तासभराचं लेक्चर नाही, हे तिलाही दाखवावं लागतं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटची सलाईन बदलायची आहे. मुलगी बाटली घेऊन आली. सिस्टरने एवढंच विचारायचं, “पाचशे मिली चार तासांत घालवायचंय, मिलीला वीस थेंबांचा सेट आहे, मिनिटाला किती थेंब?” मुलगी पाकिटावर आकडेमोड करते. पाचशे गुणिले वीस, दहा हजार. चार तासांची मिनिटं दोनशे चाळीस. उत्तर साधारण बेचाळीस. मग तिने घड्याळ लावून थेंब मोजायचे आणि रोलर फिरवायचा. सिस्टर शेजारी उभी. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. वर्गात हे गणित तिने सोडवलेलं असतंच, पण इथे पेशंट विचारतो, “ताई, ही कधी संपणार?” आणि तिला उत्तर देता येतं. पुढच्या आठवड्यात सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे असताना थेंबांवर लक्ष ठेवायला तिला हक्काची जोडी मिळालेली असते.

हे मी मनाचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ च्या सुमारास हॉस्पिटलांबरोबर काही वॉर्ड खास शिकण्यासाठी ठरवून घेतले. तिथल्या नर्स आणि विद्यापीठाचे शिक्षक मिळून त्या वॉर्डाची जबाबदारी घेतात, आणि दुसऱ्या कॉलेजांची गर्दी तिथे होत नाही. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने ॲम्स्टरडॅमच्या वॉर्डांवरून पद्धत घेतली. तिथे विद्यार्थ्यांना पेशंट वाटून देतात आणि त्या दिवशीची नर्स त्यांना स्वतः करून दाखवण्याऐवजी विचारून विचारून करायला लावते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) नर्सिंगचं शिक्षण आणि हॉस्पिटलची नर्सिंग सेवा वर्षानुवर्षं एकमेकांत गुंफलेली आहेत. शिकवणारी व्यक्ती वॉर्डाला परकी नसते. या तिन्ही ठिकाणी माणसं आणि पैसा आपल्यापेक्षा जास्त आहे, हे मान्य. पण वॉर्ड ठरवून घेणं, पेशंट वाटणं, शिक्षिकेने वॉर्डाचं होणं, यातल्या एकाही गोष्टीला यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

यातला शेवटचा मुद्दा तुम्हालाही लागू आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्यातल्या बऱ्याच जणी वॉर्डात गेल्यावर हजेरी घेतात, केअर प्लॅन तपासतात आणि ड्यूटी रूममध्ये बसतात. सिस्टर हे रोज पाहते. तुम्ही आठवड्यातले दोन दिवस मुलींबरोबर एक अवघड पेशंट स्वतः घ्या. बेडसोअर असलेला, किंवा ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेला. सक्शन, ड्रेसिंग, पोझिशन, सगळं मुलींना घेऊन तुम्ही करा आणि नोंदी नीट लिहा. वॉर्डाचं एक जड काम त्या दिवशी कमी होतं. यानंतर तुम्ही काही मागितलंत तर तुमचं म्हणणं वेगळ्या कानांनी ऐकलं जाईल.

मागण्याबरोबर देणंही आलं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर सीएनईचे, म्हणजे नोकरीत असतानाच्या पुढच्या शिक्षणाचे तास लागतात, आणि ते मिळवायला आपल्या सिस्टरांना सुट्टी काढून, पदरचे पैसे भरून दुसऱ्या शहरात जावं लागतं. तुमच्या कॉलेजने हॉस्पिटलच्याच सभागृहात, रीतसर मंजुरी घेऊन, असा एक कार्यक्रम केला आणि शिकवणाऱ्या सिस्टरांकडून शुल्क घेतलं नाही, तर त्याची किंमत त्यांना बरोबर कळते. चौथ्या वर्षाच्या मुलींना रिसर्च प्रोजेक्टचे विषय शोधावे लागतात. ते पुस्तकातून उचलण्याऐवजी इन्चार्ज सिस्टरला विचारा, तुम्हाला कशाचा त्रास होतोय? ती म्हणेल, सलाईनच्या कॅन्युलाची जागा सारखी सुजते. मग मुलींनी महिनाभर रोज प्रत्येक कॅन्युलाची तारीख, जागा आणि सूज नोंदवावी आणि तक्ता वॉर्डाला द्यावा. इन्चार्ज सिस्टर तो तक्ता मेट्रन मॅडमकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांकडे नेऊन सामान मागू शकेल. आणि शिकवणाऱ्या सिस्टरांना कॉलेजच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र द्या, नावानिशी, तासांसह. सेवापुस्तकाच्या फायलीत ते राहतं.

लॉगबुकबद्दल. शेवटच्या दोन दिवसांत गोळा केलेली सही म्हणजे न पाहिलेल्या कामाची साक्ष आहे, आणि ती मुलगी उद्या एकटी नाइट ड्यूटी करणार आहे. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने २०१८ मध्ये एक चांगला नियम केला. विद्यार्थ्याला रोज शिकवणारी व्यक्ती वेगळी आणि तो पास की नाही हे ठरवणारी व्यक्ती वेगळी. रोजच्या सहवासात माया बसते किंवा मन कलुषित होतं, दोन्ही वाईट. आपल्याकडे एवढे लोक नाहीत, तरी तत्त्व वापरता येतं. काम जिच्यासमोर झालं तिने त्याच दिवशी तारीख टाकून सही करायची, आणि “जमतं” हा शेरा तुम्ही नंतर दुसऱ्या पेशंटवर स्वतः पाहूनच द्यायचा. दिवस उलटला की सही नाही, हा नियम मुलींना पहिल्याच दिवशी सांगा. दोन आठवडे रडारड होईल, मग वह्या वेळेवर येतील.

गर्दीचा प्रश्न वॉर्डात सुटणार नाही, तो मेट्रन मॅडमच्या टेबलावर सुटेल. प्रत्येक कॉलेजचं पोस्टिंगचं पत्र तिथे येतं, पण ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहत नाही, कारण तेवढा वेळ नसतो. ते काम तुम्ही अंगावर घ्या. दुसऱ्या दोन कॉलेजांच्या इन्स्ट्रक्टरांना फोन करा, त्याही तुमच्याइतक्याच वैतागलेल्या असतील. तिघींनी मिळून एक सामाईक मास्टर रोटेशन करा. वॉर्ड एका अक्षावर, आठवडे दुसऱ्या अक्षावर, प्रत्येक चौकटीत एकाच कॉलेजचं नाव. ते मेट्रन मॅडमसमोर ठेवून त्यांना हवे ते बदल करू द्या. शक्य तिथे एका वॉर्डातला मुक्काम लांबवा. दर आठवड्याला वॉर्ड बदलणाऱ्या मुलीचं नाव सिस्टरला कळेपर्यंत ती निघून गेलेली असते.

सकाळची गर्दी फोडायला संध्याकाळची शिफ्ट हा चांगला मार्ग आहे. नव्या अॅडमिशन, ओटीतून परत येणारे पेशंट, नातेवाइकांचे प्रश्न, हे सगळं दुपारनंतरच दिसतं. पण मुली रात्री आठला घरी किंवा वसतिगृहात कशा पोचणार, कॉलेजची बस थांबणार का, तुमच्यापैकी कोण त्यांच्याबरोबर असेल, हे लेखी ठरल्याशिवाय एकाही मुलीला संध्याकाळी पाठवू नका. सुरुवात इंटर्नशिपच्या बॅचपासून करा.

करारात आणखी दोन ओळी घालून घ्या. एक, विद्यार्थ्यांना बॅग ठेवायला जागा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह. पाच तास उभ्या असलेल्या मुली स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी पीत नाहीत, आणि हे आपण आरोग्याच्या आवारात चालवून घेतो, याचा मला मनापासून राग येतो. दुसरी ओळ तुमच्या पुरुष विद्यार्थ्यांसाठी. लेबर रूममध्ये ब्रदर नकोत, असं अनेक ठिकाणी सांगतात. परीक्षेला मात्र मिडवायफरी त्यांनाही असते. बाईची संमती घेऊन, महिला शिक्षिका सोबत ठेवून, कुठल्या दिवशी कुठे, हे आधी ठरवलं तर मुलगा दाराबाहेर उभा राहणार नाही.

प्राचार्यांची भीती खोटी नाही. म्हणून त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येते तेव्हा मान्यतेच्या फायलीत काय दाखवायचं, याची काळजी त्यांना असतेच. कॉलेज आणि हॉस्पिटलची तिमाही संयुक्त बैठक, तिचं इतिवृत्त, सामाईक रोटेशन, सिस्टरांनी दुरुस्त केलेला कामांचा कागद, विद्यार्थ्यांचा लेखी अभिप्राय, हे सगळं त्या फायलीत असलं तर कॉलेजची बाजू भक्कम होते. मी त्यांच्या जागी असते तर अशा शिक्षिकेला आधी पाठिंबा दिला असता. विद्यापीठानेही भेटीत खाटांबरोबर हा अभिप्राय मागायला हवा, असं मला फार वाटतं. पण त्याची वाट पाहत बसू नका.

सगळ्या हॉस्पिटलमध्ये एकदम काही करायला जाऊ नका. एक वॉर्ड घ्या, जिथली इन्चार्ज सिस्टर मुलींवर ओरडत असली तरी पेशंटला नीट पाहते असा. एक सेमिस्टर चालवा. त्या नाही म्हणाल्या तर दुसरा वॉर्ड पाहा, पण त्यांच्यावरून वर तक्रार करू नका. वर्षभर मुली तिथेच जाणार आहेत.

पत्र कुणाच्या नावे लिहायचं तेही पाहून घ्या. गेल्या काही वर्षांत राज्यातली बरीच जिल्हा रुग्णालयं नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली आहेत. तुमच्याकडे तसं झालं असेल तर पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांऐवजी अधिष्ठात्यांना जाईल आणि जुना करार नव्याने करावा लागेल. तसं असेल तर ही संधी सोडू नका. शिकवण्याची जबाबदारी, सिस्टरचं नाव, तिमाही बैठक, या ओळी नव्या करारात पहिल्यापासूनच घालता येतील. मसुदा घेऊन आधी मेट्रन मॅडमना भेटा, सही असलेलं पत्र त्यानंतर. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी ओपीडीचा लोंढा असतो. बुधवार-गुरुवारी दुपारी तीननंतर वेळ मागा, आणि तिन्ही कॉलेजांची पोस्टिंगची पत्रं बरोबर न्या.